विरळ पंखांची माशी

तर तय्यब फरशीवर उताणा पडला होता आणि मॅनेजर लोकेश दारात उभा राहून त्याच्याकडे बघत होता, इथवर काल गोष्ट आली होती. मग चहा आला आणि ती तशीच राहिली. आता पुढे ऐका.

मस्कतच्या रुवी भागातल्या त्या दुकानात मासेमारीचं सामान मिळायचं. गळ, दोर, रीळ, जाळ्यांचे तरंगे, सगळं समुद्राचं. मागच्या खोलीत मात्र खिडकीशी एक टेबल होतं, आणि ते तय्यबचं. त्या दिवशी त्यानं दोन स्टुलं जरा लांब लांब ठेवून त्यांच्यावर काचेचं भांडं टेकवलं होतं. भांड्यात पाणी, पाण्यावर नखाएवढी नकली माशी तरंगतेय, वर दिवा लावलेला. आणि खाली, दोन स्टुलांच्या मध्ये डोकं घालून, अठ्ठावन्न वर्षांचा तय्यब एक डोळा मिटून वर बघतोय.

"चाचा, चक्कर आली का?" लोकेशनं विचारलं.

"नाय. मासा झालोय," तय्यब खालूनच म्हणाला. "दोन मिनटं थांब. वरून बघायला तू हायस की."

लोकेश ठाण्याचा, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. वाईट माणूस नव्हता. पण वरून बघणारा, हे तय्यबनं बरोबर ओळखलं होतं.

आता तय्यब कोण, तर रत्नागिरीकडचा, जयगडच्या खाडीवरचा. शिक्षण उर्दू शाळेत सातवी. बाप सुरमईला जायचा तेव्हा गळाला पांढऱ्या कोंबड्याचं पीस बांधून होडीमागे सोडायचा, आणि ती पिसं बांधायचं काम पोरगा असल्यापासून तय्यबकडे. त्र्याऐंशी साली मस्कतला आला, तो या दुकानात जाळी शिवायला लागला. एकतीस वर्षांत दुकानाचे तीन मॅनेजर बदलले, खुर्च्या बदलल्या, तय्यब तोच राहिला.

मग नकली माश्यांचं खूळ कुठून आलं? ते दयानंदनं आणलं. दयानंद भंडाऱ्याचा, पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर, दार्सैतला तय्यबच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा. दर उन्हाळ्याला पंधरा दिवस हिमाचलात जायचा आणि थंड पाण्याच्या नदीत ट्राउट नावाचा मासा धरायचा. हा मासा मोठा तऱ्हेवाईक. जिवंत आमिष न लावता त्याला पिसांची नि केसांची किड्यासारखी माशी बांधून फसवायचं, अशी त्या खेळाची रीत. दयानंदनं एक चित्रांचं पुस्तक तय्यबसमोर ठेवलं आणि म्हणाला, "चाचा, यातली एक बांधून द्या ना."

तय्यबनं बांधली. पण हात सुरमईचा! गळ बोटाएवढा, गाठ सुपारीएवढी. दयानंदनं ती तळहातावर घेतली आणि म्हणाला, "चाचा, यानं मगर धरायची आहे का?"

"मगर मिळत आसंल तर मगर धर," तय्यब म्हणाला. पण रात्रभर त्याला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या, नसीबाच्या, शिवणाच्या डब्यातला बारीकातला बारीक दोरा घेऊन तो बसला. महिन्याभरात तांदळाएवढ्या गळावर माशी उतरायला लागली.

पुस्तकातली इंग्रजी नावं त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यानं स्वतःची ठेवली. फेझंट टेल म्हणजे त्याची 'तांबडी काडी'. एल्क हेअर कॅडिस म्हणजे 'छपरी', कारण तिच्या पाठीवर केस कौलारू छपरासारखे उतरते. वुली बगर ती 'झिपरी'. आणि अ‍ॅडम्स, करड्या पिसांची, दोन उभ्या पंखांची, ती 'राखुंडी'. राखुंडीवर त्याचा जीव. हेअर्स इअर या माशीला सशाच्या कानाचे केस लागतात. आता मस्कतमध्ये ससा कुठला पकडता? तय्यब वाळवंटाकडच्या इब्रा गावाला गेला, तिथल्या बाजारात उंटवाल्यांशी गप्पा ठोकल्या आणि उंटाच्या पिल्लाच्या मानेखालची लव पिशवीभर घेऊन आला. दयानंद सुट्टीवरून परतला तो नाचतच. "चाचा, हिमाचलच्या ट्राउटला उंट आवडला!"

एक गोष्ट मात्र तय्यबनं पहिल्या वर्षापासून लावून धरली होती. दयानंदनं वापरलेली प्रत्येक माशी परत आणायची. चावलेली, फाटलेली, पीस लोंबणारी, कशीही असो. ती तो टेबलावरच्या बुचाच्या पट्टीवर टोचून ठेवायचा आणि भिंगातून दातांच्या खुणा बघायचा. पाच वर्षांत त्याला एक कळलं. चित्रातल्यासारखे दाट, गुबगुबीत पंख बांधलेल्या माश्या परत यायच्या त्या कोऱ्या करकरीत. विरळ पंखांच्या यायच्या त्या चघळून चोथा झालेल्या. मग त्यानं पाण्याखालून बघायला सुरुवात केली. दाट पंखांची खालून केरसुणी दिसते. विरळ पंखांतून उजेड येतो, आणि ती जिवंत दिसते. ट्राउट त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पण ट्राउट काय बघतो, ते तो फरशीवर पडून बघत होता.

दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये दुकानाला मोठं काम आलं. एका कंपनीचा साहेब निवृत्त होऊन स्कॉटलंडला निघाला होता. ट्राउटचा शौकीन. त्याच्या निरोपाच्या जेवणात पाहुण्यांना वाटायला पन्नास डब्या, प्रत्येक डबीत बारा नामांकित माश्या. लोकेशनं कॅटलॉगचं पान तय्यबच्या टेबलावर चिकटवलं. "चाचा, डिट्टो असं पाहिजे. अर्बाबनं शब्द दिलाय."

अर्बाब म्हणजे दुकानाचा ओमानी मालक. त्याचा शब्द म्हणजे शब्द. तय्यबनं सहाशे माश्या तीन आठवड्यांत बांधल्या. रंग डिट्टो, गळ डिट्टो, शेपट्या डिट्टो. पंख मात्र विरळ.

आणि इथं तय्यबनं घोटाळा केला. असा घोटाळा की जो खाडीवरचा माणूसच करू जाणे. राखुंडी, छपरी असल्या माश्या पाण्यावर तरंगायला हव्यात. त्यासाठी बाटलीतून औषध मिळतं, ते संपलं होतं. तय्यबला बापाची होडी आठवली. लाकडात पाणी मुरू नये म्हणून तिला मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, तेलाचा हात मारायचे. मत्रहच्या धक्क्यावर एका जुन्या नाखव्याकडून त्यानं डबाभर तेल आणलं आणि काडीच्या टोकानं सहाशेच्या सहाशे माश्यांना लावलं. माश्या काय तरंगल्या म्हणता! बुडवली तरी वर, दाबली तरी वर. तय्यब खूश. पन्नास डब्या बंद करून कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप, वर शुक्रवारची सुट्टी.

शनिवारी लोकेशनं कपाट उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. समोरच्या मनी एक्स्चेंजमधला माणूस विचारायला आला, काय मेलंय का म्हणून.

"चाचा, हे काय केलंत तुम्ही?"

"तरंगतात बघ," तय्यब म्हणाला.

"तरंगतात? अहो, हे सूट घातलेल्या पाहुण्यांना द्यायचंय! डबी उघडली तर जेवण सोडून पळतील!"

हे तय्यबला पटलं. खाडीवर जन्मलेल्या नाकाला तो वास येतच नाही, पण सगळ्यांचं नाक खाडीवरचं नसतं. त्यानं डब्या पोत्यात भरल्या, टॅक्सी केली (टॅक्सीवाल्यानं चारी काचा खाली केल्या) आणि दार्सैतला घरी आणल्या.

नसीबानं पोतं उघडलं आणि पदर नाकाला लावला. "या अल्ला! निकाहाला कबूल म्हनलं, त्यात माश्या धुवायचं नव्हतं हां!"

"मी धुतो, तू वाळत घाल."

"एवढुशा माश्या वाळत कशावर घालू? दोरीवर? चिमटे लावून?"

शेवटी खिडकीची जुनी जाळी बाल्कनीत आडवी टाकली. तय्यबनं भांडी घासायच्या साबणात एकेक माशी धुतली, नसीबानं चिमट्यानं उचलून जाळीवर मांडली. अर्ध्या तासात दार्सैतमधली यच्चयावत मांजरं बिल्डिंगखाली जमली आणि वर मान करून बसली. नसीबा काठी घेऊन बाल्कनीत उभी. "हला! जेवान नाय हाय ते, ह्येंचं डोकं हाय ते, वाळत घातलंय!" खालून दयानंद येत होता. तो हसून हसून जिन्यातच बसला.

दोन दिवस धुणं चाललं. वास गेला. नाकाशी धरली तरी साबणाचाच वास. पंखांचं एक पीस हललं नव्हतं. तय्यब डब्या घेऊन दुकानात आला तेव्हा अर्बाब तिथं बसलेला आणि लोकेशच्या हातात इंग्रजीत टाइप केलेला कागद.

"यावर सही करा, चाचा. मग विषय खलास."

तय्यबनं कागद दयानंदकडे दिला. दयानंद डब्या उचलायला मदत म्हणून मुद्दामच बरोबर आला होता. त्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. दोन चुका लिहिल्या होत्या. पहिली, परवानगी न घेता दुर्गंधी येणारं तेल लावलं. दुसरी, पंख चित्राप्रमाणे दाट न बांधता विरळ बांधून माल बिघडवला. खाली लिहिलं होतं, या दोन्ही चुका मला मान्य आहेत. सर्व माश्या दाट पंखांच्या करून देईन आणि पुढे चित्र सोडून बांधणार नाही.

"आणि सही केली नाय तर?" तय्यबनं विचारलं.

"तर बाहेरच्या फॅक्टरीतून तयार माल मागवू," लोकेश म्हणाला. "टेबल काढावं लागेल. तुम्हाला इब्राच्या गोदामात जागा आहे. लाइफ जॅकेटं मोजायची."

दयानंदला राहवलं नाही. त्यानं टेबलावरची बुचाची पट्टी उचलून अर्बाबपुढे धरली. "हे बघा. पाच वर्षांच्या माश्या. या दाट, एकीला दात लागलेला नाही. या विरळ, सगळ्या चावलेल्या. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?"

लोकेश गडबडला नाही. तो म्हणाला, "दयानंदभाऊ, पण माशी विकत कोण घेतं? ट्राउट घेतो का? ट्राउटच्या खिशात पाकीट आहे? डबी उघडणार माणूस. त्याला भरगच्च दिसली पाहिजे."

बोलणं खोटं नव्हतं. दयानंदनं पट्टी टेबलावर ठेवली. तय्यब मात्र पुढे झाला.

"लोकेश, तू म्हंतोस ते बरोबर हाय," तो म्हणाला. "दुकानात भरगच्च दिसंल. पन तो साहेब स्कॉटलंडला जाऊन ती पाण्यात टाकनार ना? की कपाटात टांगनार?"

"ते त्याचं तो बघेल."

"आन् मासा लागला नाय, तर कोनाला बोल लावंल? माशाला? नशिबाला? की बांधनाऱ्याला?"

"तुमचं नाव कुठे आहे डबीवर, चाचा? कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की."

लोकेशनं हात वर केले. "अहो, तुम्ही ट्राउट पाहिलाय का कधी?"

"नाय पाहिला. त्यानंबी मला नाय पाहिला. पन बांधलेलं खाल्लं त्यानं."

दयानंदनं तोंडावर हात धरला. अर्बाबच्या दाढीतही काहीतरी हललं. पण मालक झाला म्हणजे त्याला दोन्हीकडचं बघावं लागतं. तीस वर्षं दुकानात असलेला माणूस आणि ठाण्याहून आणलेला मॅनेजर, दोघांपुढे त्याला दुकान चालवायचं होतं. त्यानं लोकेशच्या हातातून कागद घेतला, टेबलावर ठेवला आणि खिशातलं पेन काढून कागदावर आडवं ठेवलं.

"तय्यब," तो आपल्या हिंदीमिश्रित बोलीत म्हणाला, "एवढी एक सही कर. मॅनेजरची बात राहील. टेबल तुझंच, मी शब्द देतो. डब्या या वेळी अशाच जाऊ दे, दाट नको करूस. फक्त कागदावर लिहून दे की चुकलं. कागदच तर आहे. यल्ला, चल, कर."

आता बघा, किती सोपं होतं. टेबल राहत होतं, माश्या जशा होत्या तशा जात होत्या, इब्राची वारी टळत होती. दयानंदनं डोळ्यांनी खुणावलं, करून टाका चाचा. बाहेर रस्त्यावर टॅक्सीवाले मत्रह, मत्रह म्हणून ओरडत होते. तय्यबनं चष्मा पुसला, कागद उजेडाकडे वळवला आणि दयानंदकडून दुसरी ओळ कुठं सुरू होते त्यावर बोट ठेवून घेतलं. मग ताठ उभा राहिला आणि अर्बाबकडे बघून म्हणाला,

"अर्बाब, वास माझा. तेल मी लावलं, तुमची नाकं फिरवली, ती चूक मान्य. हवं तर दोनदा सही करतो. पन पंख मी चुकून विरळ नाय बांधलं, बघून बांधलं, आन् जे बघून केलं त्याला चुकलो म्हनायला माझा हात वळनार नाय, टेबल ऱ्हावो नायतर जावो. ही दुसरी ओळ आन् खालचं पंखांचं सगळं तुमच्या हातानं खोडा, मग पेन द्या."