ताईची पत्रिका दिली

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरीही ताईच्या लग्नाची बोलणी माझ्यासमोर चालायची, ही त्यांची चूक. दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. इंदिरानगरात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर सायबर कॅफे होता आणि कॉलेजातून येताना तिथे अर्धा तास बसल्याशिवाय मी घरी जात नसे. तेव्हा सगळी तरुण मंडळी ज्या साइटवर होती, तिथे प्रत्येकाची एक उघडी वही असायची. तिला स्क्रॅपबुक म्हणायचे. तीत कुणीही लिहावं, कुणीही वाचावं. दुसऱ्यांच्या वह्या वाचण्यातच आमचा निम्मा वेळ जाई.

ताईला पंचवटीतला एक मुलगा आवडला होता. ओळखीच्यांकडे दोघांची गाठ घालून दिली, दोघं तासभर बोलली, आणि त्या संध्याकाळी ताई कणीक मळताना चक्क गुणगुणत होती. मग आईने रीतीप्रमाणे तिची जन्मपत्रिका आणि फोटो पाकिटात घालून त्यांच्याकडे दिला. मला कुठलं राहवतंय? पुण्याच्या मामेबहिणीच्या वहीत मी इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलं, 'ताईची पत्रिका दिली.'

तिला ती लग्नपत्रिका वाटली. तिने तडक ताईच्या वहीत अभिनंदन केलं. ते पाहून आणखी आठ-दहा जणांनी केलं. मुलगा कोण, तारीख कुठली, एकानेही विचारलं नाही. अभिनंदन करायला काय लागतं? ताईचं खातं मीच उघडून दिलेलं, ती तिकडे फिरकतही नसे.

आठवड्याने पाकीट परत आलं. निरोप एवढाच, 'पत्रिका जुळत नाही.' आपल्याकडे सभ्यपणे नाही म्हणायचं ते असंच, त्यामुळे आईने पुढे काही विचारलं नाही. ताईने पाकीट कपाटात ठेवलं. दोन दिवस ती धड जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी मी कॅफेत सहज तिची वही उघडली. अभिनंदनांच्या रांगेत शेवटी त्या मुलाच्या बहिणीने लिहिलं होतं, 'तुमचं दुसरीकडे ठरलं होतं तर आम्हाला आधी सांगायचं.' अर्धा तास संपायच्या आत मी उठले.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिने फक्त विचारलं, "हे किती जणांना दिसतं?"

"सगळ्यांना."

"मग सगळ्यांना दिसेल असंच लिही. माझं कुठेही ठरलेलं नाही म्हणून."

मी तसंच लिहिलं, ताईच्या वहीत आणि त्या बहिणीच्याही. पण ज्यांनी अभिनंदन केलं होतं, त्यांनी ते वाचून भलताच अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी वणीच्या आत्याचा आईला फोन. तिच्या मुलाने कॉलेजात वाचलं होतं. "लय वाईट झालं, वहिनी. पोरीचं ठरलेलं मोडलं. काय कमी हाय आपल्या पोरीत?"

ठरल्याचं आईला कुणी सांगितलंच नव्हतं. मोडल्याचं मात्र सांत्वनासकट समजलं. मग शेजारणी आमच्या दारावरून जाताना आवाज खाली आणू लागल्या. लग्न मोडलं म्हटलं की लोक खोट मुलीतच शोधतात, आणि काही मोडलं नाही म्हणावं, तर हे लपवताहेत असं त्यांना वाटे. ताई कॉलनीच्या मागच्या गेटने ऑफिसला जाऊ लागली. मला माझी इतकी लाज वाटली की आठवडाभर मी कॅफेची पायरी चढले नाही.

रविवारी सकाळी तो मुलगा बहिणीला स्कूटरवर मागे बसवून आमच्याकडे आला. आईने चहा आणला. मग तो आईला म्हणाला, "काकू, पत्रिका पुन्हा द्याल का? आधीचं का मोडलं, ते मला विचारायचं नाही. तेवढंच सांगायला आलोय."

खुलासा करायला मी तोंड उघडलं, तोच ताईने दंडाला धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"अगं, सांगू तरी दे," मी म्हटलं. "काही मोडलंच नव्हतं ना?"

"सांगते मी," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण मोडलंय असं समजूनही आलाय गं तो. थोडा वेळ तसाच बसू दे."