मी बदललेला शेवट

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. तुमच्याजवळ तरी नीट सांगता येईल का — बघते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही पेडगावला होतो. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला वाचता येत नव्हतं. मी भावाच्या पाटीवर शिकले. मामानं पुण्याहून एक प्रेमाची कादंबरी आणली होती. दुपारी वाती वळताना मी ती अक्काला वाचून दाखवायची.

प्रेम कसलं! त्यातली माणसंच इतकी चीड आणणारी. नायक दारापर्यंत यायचा, उसासा टाकून परत जायचा. नायिका रडायची, पण बोलायची नाही. तिची आत्या सगळ्यांची पत्रं चोरायची. अक्का वात टाकून ओरडायची, "आगं बोल की भवाने! तोंड शिवलंय का तुझं?"

आणि स्वतः? गावच्या शाळेतले तरुण मास्तर हैदराबादला गेले होते. दिवाळीनंतर येऊन मागणी घालतो, असं तिला सांगून. तिनं वडिलांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं. फक्त मला माहीत होतं. दिवाळी सरली, मास्तर आले नाहीत. देवगावकडचं स्थळ आलं, तर ही नुसती मान खाली घालून बसली.

माझंही लग्न ठरत आलं होतं. पण थोरली आधी उजवायची होती ना.

एका दुपारी तिनं विचारलं, "शेवटी येतो का गं तो? तो आला तर मीबी थांबीन."

पुस्तकाचा कौल लावत होती वेडी. मी शेवट आधीच वाचला होता. तो येतो. उशिरा, पण येतो.

मी म्हणाले, "न्हाई. दुसरीशी लगीन करतो."

ती बराच वेळ वातच वळत राहिली. संध्याकाळी तिनं आईला होकार सांगितला.

लग्नाला महिना झाला नव्हता — मास्तर चुलत्यांना घेऊन आले. ओट्यावर मीच पाणी दिलं. अक्काचं लग्न झाल्याचंही मीच सांगितलं. मास्तर पाणी न पिताच उठले.

अक्काचा संसार झाला. सुखाचा? मी कधी विचारलं नाही. विचारायचं तोंड होतं का मला? ती सुनांना अजून ती गोष्ट सांगते, नायकाला शिव्या घालते — "मेला आलाच न्हाई शेवटपर्यंत!" सुना हसतात. मी शेजारी बसलेली असते, आणि मीही हसते.