थापट्याचं कडं

मनुबाईंनी शिवराम धुरीच्या तळहातावर ॲल्युमिनियमचं एक चपटं कडं ठेवलं आणि त्याच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. गिळवेना आणि थुंकवेना. कड्यात काळा दोरा ओवलेला होता. त्यावर बारीक आकडे होते आणि मुंबईला कळवा अशा अर्थाचे दोन-तीन इंग्रजी शब्द. हे कडं त्याने आधीही पाहिलं होतं, पण हातात घेऊन नव्हे. दुर्बिणीतून पाहिलं होतं, समोरच्या तळ्याच्या बांधावर एका पायावर उभं राहून ऊन खाणाऱ्या थापट्या बदकाच्या पायात.

“तुमच्या पोरीच्या दंडाला बांधा, मास्तर,” मनुबाई कौतुकाने म्हणाल्या. “नजर नाय लागायची. काल पिसा काढताना पायात गवसला.”

आता हा शिवराम कोण ते सांगायला हवं, नाहीतर बोटभर कड्यापायी माणसाचा घास का अडकावा हे कळायचं नाही. शिवराम कल्याणच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. फॉर्मलीनमधले बेडूक, एक हात निखळलेला हाडांचा सापळा आणि काचेच्या पेटीतला पेंढा भरलेला खंड्या, एवढ्यांचा तो राखणदार. एकदा त्या खंड्याची मान उसवली. ती शिवायची तर जिवंत खंड्या मान कशी धरतो ते बघायला हवं, म्हणून हा पठ्ठ्या एका रविवारी काळ्या तलावावर जाऊन बसला. त्या दिवशी जो गेला तो गेलाच. पुढे चोरबाजारातून दुर्बीण आली, मग हिवाळ्यातला एकही रविवार घरच्यांचा राहिला नाही. त्याची बायको तुळसा शेजारणींना सांगायची, “आमचे हे पाखरांत गेलेत. थंडी संपली की परत येतील.”

तिचा खरा राग तांदळावर होता. थव्यातले पक्षी एकेक करून मोजता येत नाहीत. दहांचा एक घोळका नजरेत बसवायचा आणि तो घोळका थव्यावर ठेवत जायचा. ही नजर बसावी म्हणून शिवराम मूठभर तांदूळ फरशीवर फेकायचा, क्षणभर बघायचा, आकडा सांगायचा आणि मग पालथं पडून मोजायचा. तुळसा केरसुणी घेऊन उभीच असायची. पण नजर बसली हे खरं.

त्याचा जोडीदार म्हणजे त्याच शाळेतला चित्रकला शिक्षक परशुराम म्हात्रे. कोपरचा, तिथल्या जुन्या आगरी घरातला. गावाच्या खाली, खाडीकडे त्यांचं बापजाद्यांचं मिठागर होतं. मीठ पिकवणं बंद झालं तशी त्याची खाचरं एक होऊन मोठं उथळ तळं झालं होतं. अठ्ठ्याऐंशी साली जानेवारीत पाणपक्ष्यांची गणती करायला माणसं हवी आहेत असं एका पक्षीमंडळाने कळवलं, तेव्हा या दोघांनी ते तळं आपल्याकडे घेतलं. परशुराम पक्षी ओळखायचा, शिवराम मोजायचा. उठलेला थवा पलीकडे जाऊन बसला की तो दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये म्हणून परशुराम खांद्यावरचा टॉवेल हवेत धरायचा. दोघांत बोलणं फार नसे. टॉवेल वर, टॉवेल खाली, एवढ्यात सकाळ सरायची.

शिवरामला एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. आपल्या हातून पाखराच्या पिसाला धक्का लागलेला नाही, असं तो म्हणे. कल्याणच्या बाजारात एकदा एक जण लावे विकायला बसला होता, तर याने भर गर्दीत त्याचा पिंजरा उघडून दिला. मार खाता खाता वाचला. शाळेत दरवर्षी प्रार्थनेनंतर ही गोष्ट सांगायचा, आणि दरवर्षी लावे थोडे वाढायचे.

गणती संपली की जेवण परशुरामकडे. त्याच्या आई मनुबाई चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या आणि सोबत झणझणीत, काळपट रश्श्याचं कालवण वाढायच्या. पहिल्याच वर्षी शिवराम दोनदा मागून घेऊन म्हणाला होता, “मनुआई, अशी गावठी कोंबडी मी जन्मात खाल्लेली नाही.” मनुबाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. त्या मांसाला किंचित वशट वास यायचा. त्यावर शिवरामने स्वतःचा सिद्धांतही बसवला होता. खाडीकाठची कोंबडी सुकट टिपते, म्हणून तिला ती चव. हा सिद्धांत त्याने शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर सगळ्यांना ऐकवला होता.

परशुराम मात्र त्या दिवशी नुसती सुकट नि भाकरी खायचा. “गणतीच्या दिवशी मांस नाही, नेम आहे माझा,” म्हणायचा. शिवरामला या नेमाचं केवढं कौतुक! “याला म्हणतात भक्ती,” असं तो तुळसालाही सांगे, आणि स्वतः तिसरी भाकरी घेई.

कड्याचा तो थापट्या त्यांना दुसऱ्या वर्षी दिसला. पसरट फावड्यासारखी चोच, हिरवं डोकं आणि पायात चकाकणारं काहीतरी. कुणीतरी कुठेतरी त्याच्या पायात ते घातलं होतं, आणि डोंगर ओलांडून तो नेमका कोपरच्या या चिखलात उतरत होता. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. शिवराम त्याची वाट बघू लागला. दिवाळीला माहेरवाशिणीची बघतात तशी.

ब्याण्णवच्या जानेवारीत तो दिसला नाही. शिवरामने बांध दोनदा पालथा घातला. शेकाटे होते, तुतवार होते, थापटे तर तळं झाकून टाकतील एवढे होते, पण कडं कुठे चमकेना.

“वाटेत मेला असेल रे,” तो हळहळला. “केवढा लांबचा प्रवास.”

परशुराम तिवरांकडे बघत राहिला आणि त्याने टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला. मग दोघं जेवायला गेले, शिवराम दुसऱ्यांदा रस्सा घेऊन निम्म्यावर आला, आणि मनुबाईंनी ते कडं आणून त्याच्या हातावर ठेवलं.

“मनुआई,” कसाबसा घास गिळून शिवरामने विचारलं, “हे कालवण कशाचं आहे?”

“थापट्याचा. अजून कशाचा असंल?” मनुबाईंना प्रश्नच कळला नाही. “दरसालचाच तं हाय. काळुराम आदल्या सांजंला जालं लावतंय तुमच्यासाठी.” काळुराम म्हणजे परशुरामचा धाकटा भाऊ.

दरसालचाच. शिवरामच्या कानात तो शब्द घुमत राहिला. पहिल्या वर्षीचं दोनदा मागून घेतलेलं वाढप, चाटूनपुसून लख्ख केलेली ताटली, घरी नेण्यासाठी डब्यात बांधून घेतलेलं कालवण, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तुळसाने खाल्लं होतं. पोरीने खाल्लं होतं. सकाळी ज्यांना डोळ्यांत तेल घालून मोजायचं, दुपारी त्यांनाच चघळायचं, आणि सोमवारी पोरांना पिंजरा उघडल्याची गोष्ट सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

“पण मी... मनुआई, मी तर त्यांना मोजायला येतो!”

“तं?” त्या चकित होऊन त्याच्याकडे बघू लागल्या. “मोजून मंग खायचा नाय, तं मोजता कशाला?”

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचे मालक दामाजी होते तेव्हा थंडीत घरची माणसं अशीच पहाटे बांधावर उभी राहत. किती थापटा उतरलाय ते बघत, हिशेब करत, आणि पुरेसा उतरला असला तर सांजेला जाळं लावत. मोजणारा माणूस म्हणजे खाणारा माणूस, हे त्या घरात लहान पोरालाही माहीत होतं. आणि हे मास्तर तर कल्याणहून गाडीने येऊन, अर्धा दिवस डोळ्यांना दुर्बीण लावून मोजत होते. यांना केवढी आवड असेल! पाहुण्याने तोंडाने मागावं अशी वेळ आपण का आणावी, एवढंच त्या बाईच्या मनात आलं होतं.

शिवरामने मान वळवली. परशुरामच्या ताटात सुकट होती, भाकरी होती, आणि त्याची बोटं भाकरीवर तशीच थांबली होती. नेम! आईच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला ही चव कळली नसेल? पहिल्या घासापासून याला ठाऊक होतं.

“ठसका लागला,” असं पुटपुटत तो उठला आणि उष्ट्या हाताने थेट बांधावर गेला. त्याला वाटलं, आता उलटी होईल. झाली नाही. जिभेवर रश्श्याची चव होती आणि ती चांगली होती, याचाच त्याला सगळ्यात जास्त धक्का बसला.

मागून परशुराम आला.

“मला का नाही सांगितलंस?” शिवराम ओरडला. काठावरचे चार तुतवार उडाले. “तू स्वतः शिवला नाहीस आणि मला खाऊ घातलंस? पाच वर्षं? अरे, वैरीसुद्धा असं करत नाही रे!”

“पहिल्या वर्षी सांगणार होतो. तोंड उघडलेलं मी. तेवढ्यात तू म्हणालास, जन्मात असं खाल्लं नाही. बा गेल्यावर आई त्या दिवशी पहिल्यांदा हसलेली.”

“आणि नंतर? नंतर काय धाड भरलेली?”

परशुरामने तळ्याकडे हात केला. “हे कुणाच्या नावावर आहे माहितेय? आईच्या. काळुराम तिच्या मागे लागलाय, भराव टाकून विकूया म्हणून. बिल्डर दोनदा घरी येऊन गेला. मीठ बंद झालं. नाल्यातून कारखान्यांचं पाणी यायला लागलं तसा मासा गेला. तळं ठेवायचं कशाला, सांग? आई त्याला एकच उत्तर देते. मास्तर थापटा खायला येतात, तो कुठे उतरेल?”

“तिला सांग ना, आम्ही नुसते बघायला येतो.”

“सांगितलं. म्हणाली, बघून कुणाचा पोट भरतो? बघायलाच येत असतील तर काळुराम बोलतो तेच खरं, मग दे विकून.” परशुरामचा आवाज चिरकला. “मला घशाखाली उतरत नाही, शिवराम. लहानपणी उतरायचं. आता चित्र काढतो त्यांची, नाही उतरत. आणि तुला कळलं तर तूही खाणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. म्हणून तुला कळू दिलं नाही. वाईट केलं. पण दुसरं काय करणार होतो मी?”

शिवरामला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. त्याचा उजवा हात उष्टा होता आणि डाव्या हाताच्या मुठीत कडं होतं, म्हणून ते राहिलं. समोर थापटे चोच पाण्यात खुपसून गोल गोल फिरत होते. सवयीने त्याची नजर दहा-दहाचे घोळके करू लागली आणि कितीतरी वेळ ते संपेनात. यातले चार पातेल्यात गेले म्हणून बाकीचे इथे उतरत होते. आपले हात स्वच्छ ठेवायचे तर हे सगळं पाणी जाणार, आणि पाणी राहायला हवं तर त्या पाटावर परत जाऊन बसायला हवं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याला आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी त्याने कडं खिशात टाकलं आणि तो घराकडे वळला.

मनुबाई ताटापाशी तशाच बसून होत्या, चेहरा एवढासा करून. “मास्तर, काय चुकला क माझा? तिखट झाला?”

“नाही, मनुआई.” शिवराम पाटावर बसला. रस्सा गार होऊन वर तेल साकळलं होतं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, आणि डोळे न मिटता खाल्ला. “चांगलं झालंय. नेहमीसारखंच.”

मागोमाग परशुराम आत आला. त्याने शिवरामकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटातली सुकट बाजूला सारली आणि ताट आईपुढे केलं.

“आई, मलाही वाढ.”

मनुबाईंचा डाव हातातच राहिला. “आरं, तुजा नेम?”

“मोडला.”

तो शिवरामच्या मांडीला मांडी लावून बसला. पहिला घास त्याने पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मनुबाई मात्र लेकाकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा फुलला की चुलीचा धूर डोळ्यांत जात होता तेही त्यांना कळलं नाही. त्यांनी दारातून ओरडून काळुरामला हाक मारली.

“ऐकतंस क रं? पुढल्या सालाला जालं मोठा लाव. आता तुजा भाऊस पन खातंय!”