अख्तरबी मणेरीण आणि भोळ्या

"त्या कुत्र्याला तरी बाहेर काढ, न्हाईतर मला तरी," असं शेजारचा चांदसाहेब चाचा बायकोवर ओरडला, तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे भाकरी थापत होते.

"तुमी गेलात तर हाटेलात च्या पिऊन परत याल," अख्तरबी म्हणाली. "ते गेलं तर त्याला मारतील."

"नमाजाच्या घरात कुत्रं?"

"घरात कुठं हाय, शेळीजवळ हाय. शेळीला चालतंय, तुमालाच चालंना."

मग भांडं आपटल्याचा आवाज आला. कुणी आपटलं ते कळलं नाही. त्या घरात राग निघायचा तो भांड्यांवर. आमच्या घरात भांडी शाबूत असायची.

अख्तरबी म्हणजे आमच्या गावची मणेरीण. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन कवठे महांकाळच्या अंगाला जेवढ्या वाड्या-वस्त्या आहेत तेवढ्या ती पायी फिरायची. आमचा जिल्हा तेव्हा नुकता सांगली झाला होता, म्हातारी माणसं अजून दक्षिण साताराच म्हणायची. माझं माहेर पार मेढ्याकडं, डोंगरात. या कोरड्या मुलखात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातात पहिल्या बांगड्या तिनंच भरल्या. हात असा दाबायची, की हाडं लोण्याची झाल्यागत बांगडी आत जायची. दाबता दाबता बाईचं निम्मं घर तिला कळायचं.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या साली गावात पिसाळलेलं कोल्हं शिरलं. ते गावच्या कुत्र्यांना चावलं आणि त्यातलं एक कुत्रं हरिबाच्या पुतण्याला. दवाखान्यात न्यायला घरच्यांनी उशीर केला. पोरगं पाण्याचा तांब्या बघून किंचाळायचं. शेवटी खाटेला बांधलं होतं, तसंच गेलं. त्याला पोचवून आल्यावर हरिबानं अंघोळसुद्धा केली नाही, कुऱ्हाडीचा दांडा काढून हातात घेतला. पंचायतीनं दवंडी दिली, ज्या कुत्र्याला मालक नाही ते मारायचं. ज्यांचं कुणी गेलं नव्हतं तेही दांडकी घेऊन निघाले. आमचे मालक त्यात पुढं होते. त्यांना दांडक्याला निमित्त लागायचं नाही, त्या आठवड्यात फुकट मिळालं.

चावडीपुढं एका कुत्रीला त्यांनी घेरलं. ती लवकर मरेना. डोकं फुटलं तरी पुढच्या पायांवर सरकत होती आणि माणसं हसत होती. तिचं पोर, जेमतेम दात बदललेलं, पळून जायचं सोडून शेपटी हलवत मारणाऱ्यांच्या पायांत आलं. कुणाचा तरी दांडका त्याच्या कमरेत बसला. ते कळवळलं आणि वळून त्याच माणसाचा हात चाटायला गेलं.

मी कडेला उभी होते. अख्तरबीनं टोपली माझ्याजवळ ठेवली, रक्तातनं चालत आत गेली आणि पोर पदराखाली घेतलं.

"ह्याला मालक हाय," ती म्हणाली.

"कोन?" हरिबानं विचारलं.

"आज मी. पुढचा बघते."

"बाजाराच्या दिवसापातुर बघ. त्या दिवशी दावणीला बांधलेलं दिसलं न्हाई तर तुझ्या पदरात घुसून मारीन."

चांदसाहेबानंही घरात तीच मुदत दिली. म्हणजे भोळ्याला, हे नाव तिनंच ठेवलं, बाजाराच्या दिवसाआधी घर मिळालं तर तो जगणार होता.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "चाची, मला द्या की. मी बांधते अंगणात. लय गुणाचं हाय."

तिनं माझा हात हातात घेतला. मनगटावर एकच बांगडी उरली होती आणि तिच्या खाली ताजी जखम. तिनं अंगठा त्या जखमेच्या कडेकडेनं फिरवला. "न्हाई गं पोरी," म्हणाली. "तुझ्या घरी माझा धंदा लय चालतो."

मला राग आला. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

मग ती नानासोंच्या मळ्यावर भोळ्याला घेऊन गेली. तिथलं तिनं आल्यावर चाचाला सांगितलं, ते मी भिंतीतनं ऐकलं. नानासोंना राखणीला कुत्रं हवंच होतं. ते म्हणाले, "लय मवाळ दिसतंय. महिनाभर अंधारात कोंडतो, मिरची घालून मटण देतो, मग बघ माणसाचा लचका कसा तोडतंय." आणि बघावं कसं करतंय म्हणून त्याच्या नाकावर बुटाची लाथ घातली. भोळ्या रक्त गाळत त्यांच्याच बुटावर डोकं ठेवून बसला. अख्तरबीनं त्यांच्या सुनेच्या हातात बांगड्या भरल्या, हात नीट दाबला आणि दोरी धरून माघारी आली.

बाजाराच्या दिवशी सकाळी मीच बोलले. "आता कुठं नेणार?"

"मुक्ताबाईकडं."

मुक्ताबाई आणि धोंडिराम गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहायचे. धोंडिराम पलटणीतनं आलेला, आवाज असा की विहिरीवर बोलला तर वेशीवर ऐकू यावं. मी म्हणाले, "त्यो तर दिवसभर वरडतोय."

"वरडू दे. लेकीच्या लग्नात मी मुक्ताबाईच्या हातात बांगड्या भरल्या, त्या अजून तशाच हायत. रंग उडाला, पण एक वाढली न्हाई." बांगडी फुटली असं ती कधी म्हणायची नाही, वाढली म्हणायची. "त्या घरात माझी कमाई शून्य. कुत्र्याला तेच बरं."

ती भोळ्याला घेऊन वेशीपाशी पोचली आणि हरिबाची माणसं आडवी आली. मी पाण्याला निघाले होते, समोरच होते.

"मुदत संपली," हरिबा म्हणाला.

"त्याच्या घरीच न्हेतेय. धोंडिराम..."

पुढचं त्यानं ऐकलंच नाही. दांडा उचलला. अख्तरबी भोळ्यावर वाकली आणि हात वर केला. दांडा हातावर बसला. आधी काचांचा आवाज झाला, मग हाडाचा. मनगटापासून कोपरापर्यंत भरलेल्या हिरव्या बांगड्यांचा चुरा धुळीत पडला, त्यावर रक्त. दुसऱ्यानं तिच्या पाठीत घातला. ते आमचे मालक होते. मी हातातली घागर त्यांच्यावर फेकली. ती त्यांना लागली नाही, फुटली मात्र. त्याचं घरी काय झालं ते इथं लिहीत नाही.

हरिबा थांबला तो अख्तरबीच्या मोकळ्या मनगटाकडं बघून. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या बांगड्या आपण फोडल्या, हे त्याला तेव्हा दिसलं. हाड मोडल्याचं त्याला एवढं वाटलं नसावं. दांडा हातातनं गळला.

तेवढ्यात चांदसाहेब धावत आला. बायकोचा हात बघितला, धुळीतल्या काचा बघितल्या.

"मी अजून जित्ता हाय रं," तो हरिबाला म्हणाला. "माझी बायको रांडमुंड करायला निघालास व्हय?" मग हरिबाचाच दांडा उचलून त्याच्या गुडघ्यावर असा घातला, की हरिबा पुढं जन्मभर लंगडला. कुणी मधे पडलं नाही. नंतर चांदसाहेबानं, ज्यानं त्या कुत्र्याला कधी बोट लावलं नव्हतं, त्याची दोरी हाताला गुंडाळली.

"कुठं पोचवायचं म्हणालीस?"

"मुक्ताबाईकडं," अख्तरबी खाली बसूनच म्हणाली. "आनि हात धुऊन या."

तिचा हात वाकडाच जुळला. तरी त्याच हातानं ती बांगड्या भरायची, दाबताना दोघींनाही दुखायचं. दर फेरीला ती मुक्ताबाईच्या वस्तीवर जायचीच. विकलं तिथं कधी काही नाही.

शेवटच्या फेरीला तिला टोपली डोक्यावर उचलेना, म्हणून मी घेतली आणि त्या वस्तीत पहिल्यांदा पाय ठेवला. धोंडिराम कुणावर तरी ओरडत होता. भोळ्या त्याच्या पायाशी आडवा पडून झोपला होता, कानसुद्धा हलवत नव्हता. अख्तरबीला बघून उठला. तिनं त्याचा पंजा धरून दाबला, बरगड्या चाचपल्या.

"औंदा तरी भर गं दोन," मुक्ताबाई म्हणाली.

"वाढल्याबिगर काय भरू?" अख्तरबी म्हणाली, आणि आम्ही चहा पिऊन निघालो.

माझ्या दारात आल्यावर ती उंबऱ्यावर बसली. तिनं न सांगताच मी हात पुढं केला, मनगटावर परत एकच बांगडी उरली होती. तिनं तो दाबून बघितला. टोपलीतनं हिरव्या बांगड्या काढून एकेक भरल्या, वर एक आशीर्वादाची, बिनपैशाची भरली, आणि टोपली कडेवर घेऊन शेजारी आपल्या घरात गेली.