सालदाराच्या वाटची फवारणी

माझ्या बाबांना निवांत बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. वावरातच वाढलेला माणूस. जेवतानाही एक गुडघा वर, म्हणजे हाक आली की उठायला मोकळे. "पाहुण्यासारखे काय जेवता?" म्हणून आई चिडवायची आणि ते हसत हात धुवायला उठायचे.

एवढ्या कामांतलं एकच काम आमच्या नेरकडच्या गावांत मालक लोक स्वतः करत नसत. फवारणी. ते सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं काम. मालकाने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून औषध कालवून द्यायचं. कापसाची ती वाईट वर्षं आली, बोंडअळी काही केल्या हटेना, औषधं जहाल होत गेली, तरी ही रीत काही बदलली नाही.

त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. नळी वर धरली की औषध अंगावरच पडायचं. शेजारच्या गावात फवारणीने माणसं दवाखान्यात गेल्याचं कानावर आलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी सालदाराच्या पाठीवरचा पंप उतरवून घेतला. मी डबा घेऊन गेले होते, माझ्यासमोरच.

"मालक, मी करतो न. तुमी कायले?" तो म्हणाला.

"तुये लेकरं लहान हायेत. तू बैल चारून आन."

बाबांनी दुपट्टा ओला करून तोंडाला बांधला. औषध नाकात जाऊ नये म्हणून आमच्याकडे सगळेच बांधत. त्या ओल्या कापडानेच विष तोंडाशी धरून ठेवलं, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दुपार टळली तेव्हा बाबा पऱ्हाटी चाचपडत धुऱ्यावर आले. "मले कायी दिसून नाही राह्यलं," एवढंच बोलले आणि ओकू लागले. सालदारानेच त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, डोळ्यांचं आत्ताच सांगता येत नाही. बाबा मात्र एकच विचारत होते, पंप धुतला का, कोणाची लेकरं हात लावतील. माझा नुसता जळफळाट होत होता. मी घास त्यांच्या तोंडाशी नेला की ते आधी हाताने माझं मनगट शोधायचे. ते पाहवत नव्हतं.

मग एका सकाळी त्यांनी विचारलं, "तुयी ओढनी निळी हाये काय?" आई तिथेच रडायला लागली. मला रडू आलं नाही. इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडातून निघालंच.

"त्याचे लेकरं लहान होते, अन् आमी? आमचा इचार नाही आला तुमाले?"



"आला न," बाबा म्हणाले. "तो गेला असता त त्याच्या घरी पाहाले कोनी नोतं. मी गेलो असतो त तू होती."

पंप पाठीवर घेताना त्यांनी आई आणि धाकट्या बहिणी मनातल्या मनात माझ्या हवाली केल्या होत्या, आणि मला विचारलंही नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या रागातच मी त्यांचे पाय चेपत बसले.