वर्दियाचा बिडाचा टब

आमच्या बाब-अल-वेद वस्तीत नळाला पाणी आलं की बायका आधी टब भरतात, मग कॉफी उतू गेलेली बघतात. आमच्या मजल्यावर सगळ्यात मोठा टब वर्दियाचा. बिडाचा, खोल, तळाशी झिजून काळाकुट्ट पडलेला. पाणी गेलं की सगळ्याजणी बादल्या घेऊन तिच्याच दारात. नवरा गेल्यावर शिवणकामावर घर चालवलेली ही बाई. पाणी देते, वर चार शब्द सुनावते. तेवढं ऐकून घ्यायचं.

एका शनिवारी तिचा मुलगा मुलूद हातोडावाल्यालाच घेऊन आला. "आई, हा फोडून टाकू. नवा आणतो, पांढराशुभ्र, हलका."

"खोल किती?"

"माणूस बसेल एवढा."

"बसवायचंय कोणाला? चार घरांचं पाणी मावेल का ते सांग. हलका म्हणे. तुझ्यासारखा."

हातोडावाल्याला तिने जिन्यापर्यंत पोचवलं. हातोडा तिच्या हातात होता, म्हणून तोही भराभर उतरला.

मग तिने रझकीला बोलावलं. तो जुन्या टबांवर नवा मुलामा चढवतो. त्याने घासलं, खड्डे भरले, रंग दिला. टब नवरीसारखा दिसायला लागला. "मावशी, वाळेपर्यंत आत एक थेंब नको," असं बजावून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलूदचा फोन. "म्हाताऱ्या टबाला पावडर लावलीस तर."

झालं. फोन कानाला लावून बाई न्हाणीघरात येरझारा घालतेय, मी दारात उभी. एवढ्यात नळ खाकरला. तोंड मुलाला झोडपत होतं आणि हातांनी आपलं बूच लावलं, नळ सोडला. मी ओरडले, पण तिच्या आवाजापुढे माझं कोण ऐकतंय? तिचं लक्ष गेलं तेव्हा मुलाम्यावर फोड आले होते.

संध्याकाळी मुलूद आला. हसू दाबत म्हणाला, "आता तरी बदलायचा?"

तिने त्याच्या हातात पत्र्याचा तुकडा दिला. "तुझ्याशी भांडताना झालंय. खरवड."

बिचारा खरवडत बसला. रझकीने पुन्हा मुलामा दिला. तो जाताच वर्दियाने पान्याने नळाची चावीच काढली आणि मुलाच्या खिशात कोंबली.

"वाळला की घेऊन ये. माझ्या हातांचा भरवसा नाही. आणि तोवर फोन करू नकोस."

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावरून पाणी आणतोय. मी कुरकुरले, तर म्हणाली, "मुलूदकडे माग."