पऱ्हाट्यांचा धूर

कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, की धुराला कडवट-गोड वास येतो. काल धुळ्यात शेजारच्या अंगणातून तो आला आणि मी नव्वद सालच्या आसपासच्या दोंडाईच्यात जाऊन पोचलो.

आमच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदाच उपदेशाला उभा होतो. तिसऱ्या वाक्यानंतर काही सुचेना. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि मी व्यासपीठावरून उतरून सरळ बाहेर चालता झालो. आईनं मान खाली घातलेली तेवढी दिसली.

दुपारी मंडळीची शेतात भरीत पार्टी होती. मी लांब बांधावर बसलो. चर्चमधले सगळ्यांत वयस्क शिमोनआबा केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन आले.

"पहिले जेवी ले," ते म्हणाले. "शेकोटीपाशी प्रभूना चेला पेत्र घाबरीसन बोलना, मी प्रभूले वळखत नई. त्याच पेत्रसाठी प्रभूनी शेकोटी पेटाडी, त्याले जेवाले बलायं, मंग काम दिधं. पुढना रविवारले तूच बोलशी."

"लोक पुन्हा हसतील, आबा."

"हासू दे."

मला त्यांचा रागच आला. त्याच लोकांपुढे पुन्हा उभं करणं ही शिक्षा वाटली. क्षमा अशीच असते, गेलेलं काम परत हातात देते, हे उमगायला वर्षं लागली.

तरी पुढच्या रविवारी शेतात घातलेला तोच सदरा मुद्दाम न धुता घातला. त्याला अजून धुराचा वास होता. तिसऱ्या वाक्यानंतर मी पुन्हा अडलो. मागचा बाक हसला की नाही, आठवत नाही. चौथं वाक्य येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.